पाटीवरची तिथी

दत्तजयंतीच्या त्या संध्याकाळी जुनी कॅसेट मी लावली होती, मधुभाऊंनी नाही. हे वाक्य आधी लिहून टाकतो. गेले कित्येक दिवस मधुभाऊंवर काही लिहावं म्हणून बसतो, त्यांच्या चांगुलपणाच्या गोष्टी लिहीत लिहीत या वाक्याच्या जवळ येतो, मग पाणी प्यायला उठतो, कूलरमध्ये पाणी आहे का ते पाहतो, आणि परत येऊन दुसरीच कुठली तरी आठवण लिहायला घेतो. बाभुळगावातल्या ज्यांना ‘शिळी आरती’ हे शब्द आठवत असतील, त्यांना मी कशाबद्दल बोलतोय ते लगेच कळेल. बाकीच्यांना मुळापासून सांगावं लागेल.

मधुभाऊ गेल्याचं मला त्यांच्याच पट्टीवर कळलं. यवतमाळच्या एका कॉलेजात मी कारकून आहे. संध्याकाळी घरी आलो की चहा घेताना फोनवर बाभुळगावच्या दत्ताची आरती लावतो. पाहतोच असं नाही, चालू असते. मधुभाऊंच्या ‘दीपमाळ’ वाहिनीवर आरतीच्या खाली एक पट्टी सरकत जाते आणि तिच्यावर गावात त्या दिवशी गेलेल्या माणसांची नावं येतात. नाव त्याच दिवशी गेलं पाहिजे, हा मधुभाऊंचा नियम. त्या दिवशी पट्टीवर त्यांचंच नाव सरकत होतं. मी ते वाचलं आणि क्षणभर मला वाटलं, मधुभाऊ कुणाचं तरी नाव देताहेत. मग लक्षात आलं. बायकोनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. चहा तसाच राहिला. नंतर कळलं की सुतक असल्यामुळे त्यांची मुलगी मनीषा देवळात गेली नव्हती. पुजाऱ्यांनी फोन उभा केला आणि पट्टीवर ते नाव मनीषानं घरी बसून टाकलं. बापाचा नियम बापासाठी पाळला.

‘दीपमाळ’ कशी सुरू झाली हे आता फार थोड्यांना माहीत असेल. मधुभाऊ तेव्हा लग्नाच्या शूटिंगची कामं करायचे आणि उरलेल्या वेळात टीव्ही दुरुस्त करायचे. त्यांची आई, जिला सगळं गाव मायच म्हणे, न्हाणीत पाय घसरून पडली आणि खाटेला खिळली. जन्मभर तिनं दत्ताच्या देवळातली संध्याकाळची आरती चुकवली नव्हती. मधुभाऊंनी कॅमेरा घेऊन आरतीचं शूटिंग केलं आणि दुसऱ्या दिवशी मायच्या खाटेसमोर टीव्हीवर लावलं. मायनं हात जोडले आणि मग मध्येच थांबून विचारलं, “हे आजची हाय का कालची?”

“कालची हाय माय. काल काढली, आज दाखवून राह्यलो.”

“देवाले शिळा निवद दाखवतं का तू? मंग मले शिळी आरती कायले दाखवतं?”

मधुभाऊ ही गोष्ट सांगताना इथं नेहमी थांबायचे आणि हसायचे. त्यांचं घर देवळापासून तीन-चार गल्ल्या दूर होतं. त्यांनी जुनी केबल जमवली आणि देवळातल्या कॅमेऱ्यापासून छपरांवरून घरापर्यंत वायर टाकली. मायला आजची आरती आजच दिसली. पण ज्या घरांवरून वायर गेली होती, ती घरं गप्प बसली नाहीत. “माह्या कवेलूवरून तुमची वायर जाते अन् माह्याच घरी दत्त दिसत नाही, हे बरं हाय काय?” असं एकेकाचं सुरू झालं. मधुभाऊ वायरीला एकेक फांदी फोडत गेले. शेवटी गावातल्या केबलवाल्यानं एक रिकामं चॅनल देऊन टाकलं आणि आपल्या माडीवरची एक खोलीही दिली. तीच आमची कंट्रोल रूम. कागदोपत्री नाव ‘दीपमाळ’. गावात नाव ‘मायचं च्यानल’.

वायरीवरून अजून एक आठवलं. ती सलीमभाईंच्या वेल्डिंगच्या दुकानावरच्या टिनावरून जायची. उन्हाळ्यात टिन तापलं की वायर मऊ पडायची आणि सलीमभाई तिच्याखाली पोत्याचे तुकडे ठेवायचे. त्यांच्या उरुसाच्या वेळी मधुभाऊंनी एक दिवस कव्वाली दाखवली. दोघा-तिघांनी येऊन विचारलं, देवाच्या चॅनलवर हे कायले? मधुभाऊ म्हणाले, “दत्ताची वायर सालभर सलीमच्या टिनावर आराम करते बाप्पा. एक दिवस सलीमचा पाहुणा आपल्या वायरीतून गेला तं काय बिघडलं?” आलेले चहा पिऊन गेले.

मी तिथं कसा लागलो ते थोडक्यात सांगतो. बी.ए. झालेला, नोकरी नाही, घरी बसून वडिलांच्या नजरेतून उतरलेला. मधुभाऊंनी बोलावून घेतलं. ते देवळात कॅमेऱ्यावर, मी माडीवर खोलीत. सकाळी हरिपाठ, दुपारी कुठल्या तरी सप्ताहातल्या कीर्तनाची कॅसेट, संध्याकाळी थेट आरती. कॅसेट लावायची, बदलायची, उलटी गुंडाळायची, एवढंच काम. सांगायला लाज वाटते, पण मला त्या कामाचीच लाज वाटायची. बरोबरची मुलं यवतमाळ-नागपूरला लागली होती आणि मी हरिपाठ गुंडाळत होतो. माझं लक्ष सारखं खिडकीतून रस्त्यावर, येणाऱ्या एसटीवर. मधुभाऊंना हे दिसत नसेल असं नाही...

थेट आरतीचे त्यांचे दोन नियम होते. पहिला पाटीचा. देव्हाऱ्याच्या बाजूला, कॅमेऱ्यात येईल अशा बेतानं, शाळेतल्या पोरांची असते तशी लाकडी चौकटीची एक पाटी टांगलेली असायची. तिच्यावर मधुभाऊ रोज खडूनं त्या दिवसाची तिथी लिहीत. घरी बसलेल्या माणसाला विश्वास वाटला पाहिजे की ही आजचीच आहे. मायच्या प्रश्नाला त्यांनी दिलेलं ते उत्तर होतं आणि माय गेल्यावरही ते रोज देत राहिले. दुसरा नियम वायर तुटण्याचा. वायर सारखी तुटायची. कधी वारा, कधी वांदरं. मग मी खोलीतल्या छोट्या कॅमेऱ्यासमोर एक पुठ्ठा उभा करायचा. त्याच्यावर मधुभाऊंनी जाड अक्षरात लिहून ठेवलं होतं : ‘वायर तुटली आहे. देवळात आरती सुरू आहे. घरूनच हात जोडा.’ आणि लोक जोडायचे. पुठ्ठ्याला हात जोडायचे. मी स्वतः पाहिलं आहे. आमच्या शेजारची म्हातारी तर पुठ्ठ्याला निरांजनही ओवाळायची.

आता त्या दिवसाकडे येतो.

त्या वर्षी श्रावणात बापूराव गेले. पोस्टातून रिटायर झालेले साधे गृहस्थ. देवळात आरतीच्या वेळी शंख वाजवायचं काम त्यांच्याकडे आपसूक आलं होतं. लांब श्वास, आणि संपताना सूर जरा वर उचलून सोडायचा, ही त्यांची खूण. त्यांच्या बायकोला, लीलाकाकूंना, आम्ही लहानपणापासून ओळखत होतो. त्यांचं घर बसस्टँडच्या मागे, गावाच्या दुसऱ्या टोकाला. नवरा गेल्यावर वर्ष होईपर्यंत देवळाची पायरी चढायची नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज. त्यामुळे त्या रोज ‘दीपमाळ’ लावायच्या. रस्त्यात भेटल्या की म्हणायच्या, “विलास, तुमचं च्यानल हाय म्हनून माहा दत्त सुटला नाही रे.”

दत्तजयंतीला, मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्ताचा जन्म संध्याकाळी होतो. पाळणा सजवतात, जन्म झाला की गुलाल उधळतात, शंख वाजतो, मग आरती. वर्षातला आमचा सगळ्यात मोठा दिवस. सगळं गाव एक तर देवळात किंवा टीव्हीसमोर. आणि नेमक्या त्याच वेळी पडद्यावर मुंग्या आल्या. मी खिडकीतून पाहिलं, सलीमभाईंच्या टिनावर वांदरांची टोळी, आणि वायरीचं एक टोक हवेत लोंबतंय. फोन वाजायला लागला. “काय भाऊ, दत्त जन्मले का तुमच्या वायरीत अटकले?” मी ठेवला, पुन्हा वाजला. दुसरा कोणीतरी हसत होता. मी पुठ्ठा हातात घेतला. खरंच घेतला होता. पण मग मला त्या पुठ्ठ्याचाच राग आला. आजच्या दिवशी सगळ्या गावाला पुठ्ठा दाखवायचा, आणि उद्या पानठेल्यावर सगळे मलाच बोलणार...

कपाटात मधुभाऊंनी कॅसेटी तिथीवार लावलेल्या होत्या. मागच्या वर्षीची दत्तजयंती हाताशीच होती. तीच मूर्ती, तोच पाळणा, तेच पुजारी. आणि पाटीवर तिथीही तीच, मार्गशीर्ष पौर्णिमा. मी कॅसेट पुढे पळवली, पाळण्यापाशी आणली आणि सोडून दिली. कोपऱ्यात ‘थेट’ असं येत होतं, ते तसंच ठेवलं. पडद्यावर दत्तजन्म सुरू झाला. फोन वाजायचा थांबला. मला त्या क्षणी काय वाटलं तेही लिहितो, कारण ते लपवलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मला स्वतःचं कौतुक वाटलं. मी खुर्चीत मागे रेलून बसलो.

थोड्या वेळानं फोन पुन्हा वाजला. ओळखीचा आवाज, पण हसत नव्हता. “अबे विलास, टीव्हीत बापूराव दिसून राह्यले.” मी पडद्याकडे पाहिलं. पाळण्याशेजारी बापूराव उभे होते, गाल फुगवून शंख वाजवत, कपाळाला गुलाल. सूर संपला आणि जरा वर उचलून सुटला.

मी कॅसेट थांबवली, पुठ्ठा उभा केला, एकामागून एक वाजणाऱ्या फोनांना उत्तरं देण्यात वेळ घालवला आणि मग देवळाकडे धावलो. माझ्या आधी लीलाकाकू पोचल्या होत्या. बसस्टँडच्या मागून देवळापर्यंत अनवाणी धावत आल्या होत्या, पदर खांद्यावर नाही, केस सुटलेले. वर्ष व्हायच्या आत त्या देवळाच्या पायऱ्या चढल्या होत्या आणि पाळण्यापाशी उभ्या राहून एकेकाच्या तोंडाकडे पाहत होत्या. “कुठी गेले? आताच तं शंख वाजवून राह्यले होते. कुठी गेले?” कोणाला काही कळेना. मागे कोणीतरी हसलं. एक बाई दुसरीला म्हणाली, “डोक्यावर परिनाम झाला वाट्टे.” दोघी-तिघींनी काकूंना दंडाला धरून बसवलं.

मधुभाऊ कॅमेऱ्यावर होते. त्यांनी काकूंकडे पाहिलं, मग दारात धापा टाकत उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं समजलं होतं. तोवर कोणीतरी टीव्हीवरचं सांगितलं आणि गलका झाला. देवस्थानचे एक पंच पुढे आले आणि मोठ्यानं म्हणाले, “हे कोनं केलं? आज त्याले इथून काढूनच टाकतो.” हे पंच एका शिक्षण संस्थेवरही होते आणि माझा नोकरीचा अर्ज तिथंच पडला होता. मी तोंड उघडलं नाही. मधुभाऊ म्हणाले, “मीच सांगतलं होतं विलासले. वायर तुटली तं जुनी लाव म्हनून. माह्या चुकीनं झालं.”

मग ते काकूंसमोर गेले आणि हात जोडले. काकू आता शांत झाल्या होत्या. पदर घेतला होता. त्या पाटीकडे पाहत म्हणाल्या, “पाटीवर आजची तिथी दाखवून फसवलं तुमी मले, मधुभाऊ. बाकी कोनी फसवतं तं समजलं असतं.”

मी दारात उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. तेव्हा बोललो असतो तर ते एक वाक्यच राहिलं असतं. आता त्याला एवढी पानं लागताहेत...

सगळं पांगल्यावर मधुभाऊ माडीवर आले. मशीनमधून कॅसेट काढली, उलटी गुंडाळली, कव्हरात घातली, पण कपाटात परत ठेवली नाही, पिशवीत टाकली. मग विचारलं, “वायर कुठी तुटली?” मी म्हटलं, सलीमभाईंच्या टिनावर. “बरं, सकाळी जोडू,” म्हणाले आणि गेले. ते रागावतील म्हणून मी वाट पाहत होतो. दुसऱ्या दिवशी वाट पाहिली, आठवडाभर पाहिली. रागावलेच नाहीत. फक्त दुसऱ्या दिवसापासून पाटीवर तिथीच्या खाली एक ओळ वाढली. ते शकही लिहायला लागले. म्हणजे मागच्या वर्षीची कॅसेट पुन्हा कधी कोणाला चालवता येऊ नये. आयुष्यात त्यांनी माझ्यावर ठेवलेला ठपका तेवढाच. रोज संध्याकाळी पडद्यावर पाटी यायची आणि ती दुसरी ओळ मला दिसायची. गावाला त्यात काही विशेष वाटलं नसेल. मला मात्र ती ओळ वाचल्याशिवाय कॅसेटीला हात लावता येत नसे.

गावानं नाव ठेवलं ते ‘शिळी आरती’. मायचा शब्द, आणि तो असा परत आला. पानठेल्यावर कोणीतरी हमखास विचारायचं, “काय मधुभाऊ, आज ताजी हाय का शिळी?” ते हसून म्हणायचे, “पाटी पाहा नं बाप्पा.” पण लोक हळूहळू तुटले. मोठ्या चॅनलांची झगमग आली, मग सेट-टॉपचे डब्बे आले, छोट्या चॅनलला जागा उरली नाही, हे सगळं खरं. पण त्या दिवसानंतर लोकांचा ‘दीपमाळ’वरचा विश्वास परत आला नाही, हेही खरं. मला काही महिन्यांत नोकरी लागली आणि मी यवतमाळला आलो. निरोप द्यायला मधुभाऊ स्टँडवर आले होते. मी एसटीत बसलो तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. ते तसं वाटणं टिकलं असतं तर बरं झालं असतं. टिकलं नाही.

केबल गेली तरी मधुभाऊ थांबले नाहीत. मनीषानं फोनवरून आरती दाखवायला शिकवलं. काठीला फोन बांधून ते देवळात उभे राहायचे, शेजारी पाटी. तिथी आणि शक. पाहणारे थोडे, बरेचसे बाहेरगावी गेलेले. त्यांतला मी एक. गावी गेलो की त्यांच्याकडे जायचो, चहा व्हायचा, जगभरचं बोलणं व्हायचं. दत्तजयंतीबद्दल कधी नाही.

शेवटचा भेटलो तो ते खाटेवर पडले तेव्हा. ऊन तापायला लागलं होतं. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. रस्त्यानं गाडीवर वाक्य जुळवत गेलो होतो. बसलो आणि म्हटलं, “मधुभाऊ, एक बोलायचं होतं.”

“बोल नं.”

मी कूलरच्या टाकीत पाणी आहे का विचारलं. मग नव्या फोनची बॅटरी किती टिकते ते विचारलं. त्यांनी दोन्हीची उत्तरं दिली. मग माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “एवढ्या उनात तू कायले आलता, विलास?”

“सहजच.”

“सहज कोनी येते काय बे, यवतमाळहून.” ते थांबले. बराच वेळ थांबले. ते माझ्यासाठी थांबले होते हे मला तेव्हाही कळत होतं. मी पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिलो. शेवटी तेच म्हणाले, “जाय मंग, ऊन उतरलं आता.” आणि मी निघालो. मला सांगायला त्यांनी दार उघडून धरलं होतं, आणि मी बॅटरीची चौकशी करून परत आलो.

तेरवी झाल्यावर पंधरवड्यानं पुन्हा गावी गेलो तेव्हा मनीषानं मला आतल्या खोलीत बोलावलं. ती गावातल्याच शाळेत शिकवते. कपाटातून तिनं एक कॅसेट काढली. मी पाहताक्षणी ओळखली. म्हणाली, “काका, ही बाबा दर दत्तजयंतीला लीलाकाकूंकडे घेऊन जायचे. यात बापूराव आहेत म्हणून. काकूंनी कधी दार उघडलं नाही. बाबा ओसरीपाशी उभे राहायचे आणि परत यायचे. आता तुम्ही देऊन या. तुमचं ऐकतील.”

इतक्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं. ते दर वर्षी जात होते. माझ्या चुकीची कॅसेट पिशवीत घालून, गावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत.

लीलाकाकू आता सत्तरीच्या पुढे आहेत. मला पाहून खुर्ची दिली, ताक दिलं. “लय दिवसांनी आला रे. पोट्टे बरे हायेत?” मी कॅसेट काढून, मधुभाऊ आणायचे तीच म्हणून, त्यांच्यापुढे ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं एकदम गेलं. “हे ने परत. मधुभाऊ गेले तं गेले, पन माह्या घरी हे नाही पायजे.”

तेव्हा मी सांगितलं. जुळवून ठेवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. वांदरं, वायर, पुठ्ठा, कपाट, सगळं उलटसुलट सांगितलं. मधुभाऊंनी मला काहीच सांगितलं नव्हतं, त्यांना ठाऊकही नव्हतं, हेही सांगितलं. मी वाट पाहत होतो. शिव्या देतील, रडतील, काहीही. माझ्या मनात कुठेतरी असंही होतं की सांगितलं म्हणजे आता हलकं होईल. काकूंनी कॅसेट उचलली, मांडीवर घेतली, उलटी केली, सुलटी केली.

“मले समजत होतं तवाच,” त्या म्हणाल्या. “ते गेले हे मले समजत नव्हतं काय? माह्या डोळ्यापुढं नेलं त्याइले. पन शंख आयकला अन् पाटीवर तिथी पाह्यली, अन् पाय थांबले नाही. सारं गाव हासलं मले. त्याचा राग मी मधुभाऊवर काढला.” मग माझ्याकडे पाहिलं. “तं मंग इतके वर्स मी दार कोनाले लावून राह्यली होती, विलास?”

मी हलका व्हायला गेलो होतो आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या डोक्यावर नवीन ओझं ठेवून बसलो होतो. तिला आता ज्याची माफी मागायची तो माणूस उरला नव्हता. मी म्हटलं, “काकू, माफ करा मला.”

“मले कायले म्हनतं? माह्याजवळ एकटीजवळ बोलून मोकळा होऊन राह्यला काय तू? साऱ्या गावानं त्याले शिळी आरती म्हटलं. गावाले सांग.” मी उठलो तेव्हा त्यांनी कॅसेट परत दिली नाही. दारापर्यंत आल्या आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, “आता हे पाहाची तरी कशावर...”

तिथून सरळ मनीषाकडे गेलो आणि तिलाही सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या काका. ती म्हणाली, “मी शाळेत होते तेव्हा, काका. पोरी मला शिळी आरतीची पोरगी म्हणायच्या. बाबांना विचारलं तर म्हणाले, चूक झाली बेटा माझ्याकडून. मी त्यांच्याशी कितीतरी दिवस धड बोलले नव्हते.” एवढं बोलून ती आत गेली. मी ओसरीवर बसून राहिलो. जावं की थांबावं कळेना. बऱ्याच वेळानं चप्पल घालून बाहेर आली आणि म्हणाली, “चला. आरतीची वेळ झाली.”

देवळात फारसं कोणी नव्हतं. वैशाखातली संध्याकाळ, फरशी अजून चटके देत होती. मनीषानं काठीला फोन बांधला. मी पाटी शोधली. ती जागेवर नव्हती. मधुभाऊ गेले त्या दिवशी पुजाऱ्यांनी ती काढून देव्हाऱ्यामागच्या कोनाड्यात ठेवली होती आणि तेव्हापासून तिला कोणी हात लावला नव्हता. तिच्यावर त्यांनी लिहिलेली शेवटची तिथी तशीच होती. चैत्र शुद्ध त्रयोदशी. अक्षर थरथरलेलं, ‘शुद्ध’मधला ‘द्ध’ नेहमीसारखा पोट फुगलेला, आणि त्याखाली न चुकता शक. ते खाटेवर पडल्यापासून मनीषा रोज पाटी घरी नेऊन त्यांच्याकडून लिहून आणायची; ज्या माणसाला उभं राहवत नव्हतं त्यानं तीही ओळ लिहिली होती. मी मनीषाकडे पाहिलं. तिनं नळाखाली फडकं ओलं केलं आणि माझ्या हातात दिलं.

“तुम्हीच पुसा,” म्हणाली.

मी पुसली. एका हातानं पुसली जाईना, पाटी छातीशी धरून पुसली. वाळेपर्यंत थांबलो. मग खडूनं लिहिलं, वैशाख शुद्ध दशमी. खाली शक लिहिला. पाटी तिच्या जुन्या खिळ्याला टांगली आणि फोनसमोर उभा राहिलो. पुजारी पंचारती हातात घेऊन थांबले होते. मनीषानं मानेनं खूण केली. पाहणाऱ्यांत कोण होतं, काकू होत्या की नाही, कोणाला काय वाटलं, हे मी इथं लिहिणार नाही. ते त्यांचं आहे. मी काय बोललो तेवढं लिहितो, कारण ज्यांनी तेव्हा ऐकलं नाही त्यांनीही ते वाचावं.

“मी विलास. पूर्वी या वाहिनीवर कॅसेट लावायचो. एका दत्तजयंतीला तुम्ही जुनी आरती थेट म्हणून पाहिली, आणि लीलाकाकू धावत इथं आल्या. मधुभाऊंनी मला तसं करायला कधी सांगितलं नव्हतं. वायर तुटली होती, पुठ्ठा माझ्या हातात होता, आणि मी कॅसेट लावली. मग त्यांनी माझं नाव वाचवलं आणि मी वाचवू दिलं. त्यांनी तुम्हाला शिळी आरती कधीच दाखवली नाही, ती मी दाखवली. काकू, माझं चुकलं. मनीषा, माझं चुकलं. मधुभाऊ, माझं चुकलं.”